गुरुवारचा तेजोमेघ

पाकिटावरच्या तिकिटाचा एक कोपरा सुटून वर वळला होता. मोरोपंत तो बोटाने दाबत होते आणि तो पुन्हा उठत होता... अकरा वर्षं. हौशी आकाशनिरीक्षकांच्या नोंदी ठेवणाऱ्या अकोल्याच्या कमलाकांत वकिलांचं पत्र. उत्तर द्यायचं राहिलं, असं स्वतःशी म्हणायचं. राहिलं नव्हतं, दिलं नव्हतं.

मजकूर पाठ होता. जुन्या सूचीतला एक तेजोमेघ शंभर वर्षांपूर्वी कुणी एकदाच पाहिला, पुढे कुणालाच सापडला नाही, म्हणून त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. तो तुम्हाला अमरावतीत, घराच्या धाब्यावरून, तीन इंची दुर्बिणीतून दिसला म्हणता. त्या आठवड्यात एक अंधुक धूमकेतू तिथून गेला खरा; पण तुम्ही कळवलेल्या गुरुवारी पहाटे चारला तो दीड अंश मागे होता, तेव्हा तुम्ही पाहिलात तो धूमकेतू नव्हे. पुन्हा पाहून कळवा, प्रश्नचिन्ह काढू.

पुन्हा पाहिलं होतं, महिनाभर. तिथे काही नव्हतं. तसं लिहावं तर आयुष्यात एकदाच आपल्याला काही दिसलं, तेही जाणार. आहे म्हणावं तर खोटं... मी भित्रा. वर्गात भूगोलसुद्धा फळ्याकडे तोंड करून शिकवणारा. आणि तिकडे वकील दर माघात तोच कोपरा धुंडाळतात म्हणे — नुसत्या माझ्या शब्दावर.

"मास्तर, गाय व्याली न!" दूध घालणाऱ्या पार्बताबाईंनी ओसरीवर चरवी टेकवली. "कालवड झाली. चीक आणला तुमच्यासाठी."

"कधी व्याली?"

"काल. चार वाजता."

"दुपारी?"

"दुपारी कायले? कोंबडं आरवाच्या आंदी. रातभर गोठ्यात जागून राह्यली मी."

"मग ती आजची पहाट झाली, पार्बताबाई."

"आजची कशी होईन? दिवस निंघाला होता का? इतके पुस्तकं वाचता, अन् एवढं नाई समजत तुमाले!"

त्या हसत गेल्या. मोरोपंत चरवी हातात धरून उभेच. वडील तिवशाचे पंचांग सांगणारे जोशी. सूर्य उगवेपर्यंत वार बदलत नाही, हे अक्षरओळखीच्याही आधी शिकलेलं. शाळेच्या हजेरीत इंग्रजी तारीख, पण आकाशाच्या वहीत — गुरुवार. संपत आलेल्या रात्रीचा गुरुवार. वकिलांच्या घड्याळात तो मध्यरात्रीच शुक्रवार झालेला... एक दिवस पुढे. म्हणजे धूमकेतूही दिवसभरात दीड अंश पुढे सरकलेला, नेमका त्याच जागी.

धूमकेतूच होता.

वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही. आपला तेजोमेघ गेला. पण त्या वाटण्याच्या खालून दुसरंच काही सरकत वर येत होतं — मग शंभर वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने काय पाहिलं? त्यालाही वाटेने जाणारं काहीतरी दिसलं? की जागेचा आकडा उतरवताना हात चुकला, आणि तो मेघ कुठेतरी शेजारीच, कुणी न बघितलेल्या जागी... हे विचारायचं कुणाला? वकिलांखेरीज आहे कोण?

पत्र चार ओळींचं झालं. माझा गुरुवार तो तुमचा शुक्रवार. पाहिला तो धूमकेतू. माझी नोंद खोडावी. चौथ्या ओळीत फक्त तो प्रश्न.

पोस्टासमोर पोस्टमन नत्थुजी पेटी उघडून टपाल पिशवीत भरत होते. मोरोपंतांनी पाकीट थेट पिशवीतच टाकलं.

"अकोल्याला उद्या पोचेल ना?"

"पोचेन न मास्तर. कावून, घाई हाये का?"

"हो," मोरोपंत इतक्या मोठ्याने म्हणाले की त्यांचे तेच दचकले. "आहे घाई."