ठिपका जाईपर्यंत

मामा मंगळवारी दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी गेले. हे वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढे चला. कारण मामा एकोणीस वर्षांपूर्वीच गेलेत, तसा शिक्क्यानिशी दाखला आहे, आणि एकच माणूस दोनदा गेला की कार्यालयाची पंचाईत होते.

मंगळवारी घडलं ते एवढंच, की जुने टीव्ही जिवंत करून देणाऱ्या भाचीने मामीकडचा लाकडी पेटीतला टीव्ही उघडला.

मामीला कार्यक्रम बघायचे नव्हते. तिला ठिपका हवा होता. तो टीव्ही बंद केला की चित्र आक्रसून पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरायचा आणि सावकाश विझायचा. मामा तोवर उभे राहत. कोणी आधीच उठलं तर म्हणत, "थांब, अजून आहे." मग "गेला" म्हणत, आणि घर झोपायला मोकळं होई. एका दुपारी मामा टीव्हीसमोरच्या खुर्चीत मान टाकून बसले ते बसलेच. आता माणसं येणार, म्हणून मामीने आधी टीव्ही बंद केला आणि घाईघाईत त्यावर खोळ चढवली. ठिपका गेलेला तिने पाहिलाच नाही. तेव्हापासून ती त्या खोलीत पाय न वाजवता चाले. खोळीतून अधूनमधून उजेड दिसतो, हे ती हवामान सांगावं तशा सुरात सांगे.

भाचीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तिचा विश्वास पंधरा हजार व्होल्टवर होता. त्या पिक्चर ट्यूबला तेवढे लागत. टीव्ही लावल्यावर पडद्यावर मुंग्या आल्या खऱ्या, पण उजेड वाढवला की त्या गोष्टीतल्या बेडकीसारख्या फुगत आणि अंधूक होत. पाठीमागून फुसफुस ऐकू येई. ते असेच उसासे टाकायचे, असं मामीने नमूद केलं.

भाचीने डावा हात खिशात घातला. उस्तादाची शिकवणच होती: चालू टीव्हीत एकच हात घालायचा, दोन्ही घातले तर वीज ह्या हातातून त्या हाताला जाताना वाटेत काळजाला भेटून जाते. उजव्या हाताने तिने मीटर टेकवला. नऊ हजार. म्हणजे सहा हजार मधल्यामधे कुठेतरी गळत होते. तिने ट्रान्सफॉर्मर बदलला, नऊच. शेवटी खिडक्या लावून खोलीत अंधार केला, तेव्हा चोर सापडला. ट्यूबवरच्या रबरी टोपीखालून निळे धागे निघून काचेवरून पत्र्याकडे पळत होते.

टीव्ही बंद करून, ट्यूबमधली वीज जमिनीत सोडून तिने टोपी काढली. खाली काळा, चिकट लेप होता.

"मामी, हे तेल कसलं?"

"शिवणयंत्राचं. दर महिन्याला जाळीतून दोन थेंब सोडते. पडून राहिलेलं यंत्र गंजू नये."

एकोणीस वर्षांचे साडेचारशेच्या वर थेंब झाले होते, त्यावर धूळ वेगळी. भाचीने कपाळाला हात लावला, पुसला, आणि लेप स्पिरिटने साफ केला. मीटरवर पंधरा हजार आले. मुंग्या ठसठशीत झाल्या. मामी केस विंचरून आली आणि तिने स्वतः बटण फिरवलं.

चित्र आक्रसलं. ठिपका उरला.

पहिल्या मिनिटाला भाची म्हणाली, आतली तार अजून गरम असणार. तिसऱ्या मिनिटाला म्हणाली, ट्यूबमध्ये विजेचा साठा राहतोच. सातव्या मिनिटाला तिने प्लग उपटून हातात धरला. नवव्या मिनिटाला तिच्याकडची कारणं संपली, ठिपका संपला नाही. मागे रिकामी खुर्ची करकरली. तिकडे बघायचं नाही, हे दोघींनी न बोलताच ठरवलं.

भाचीने तार बांधलेला स्क्रूड्रायव्हर उचलला. उरलासुरला साठा जमिनीत सोडला की ठिपक्याचा खेळ खलास.

"नको," मामी म्हणाली. "मागच्या वेळी मीच घाई केली. ह्या वेळी त्यांचं त्यांना उठू दे. आणि तुझा तो खिशातला हात दे इकडे."

भाचीने हात दिला. मामीचा हात गार होता, आणि तेलकट.

चार वाजून सतरा मिनिटांनी पडदा काळा झाला. मामा ठिपक्याबद्दल नेहमी "गेला" म्हणायचे. मामी म्हणाली, "गेले."

मग भाचीने नियमाप्रमाणे स्क्रूड्रायव्हर टेकवला. अशा ट्यूबमध्ये दिवसचे दिवस वीज दबा धरून बसते. हिच्यात नावालाही नव्हती. नियमाप्रमाणे तिने दुसऱ्यांदा टेकवला, तेव्हा काचेवर टिचकी मारल्याएवढा आवाज आला.

"काय म्हणतायत?" मामीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही. निघाले."

संध्याकाळी मामीने भाचीच्या हातून अर्ज लिहून घेतला. मा. नोंदणी अधिकारी, जन्ममृत्यू विभाग यांस. विषय: मृत्यूच्या तारखेत दुरुस्ती. महोदय, दाखल्यावरील तारीख घाईत पडली असून ती घाई सर्वस्वी माझी आहे. तरी सदर तारीख खोडून त्या जागी आजचा मंगळवार, दुपारी ४.१७ अशी नोंद घ्यावी, व मधली एकोणीस वर्षे आमच्या संसारात धरण्यात यावीत, ही नम्र विनंती.