वाचायचं नाही, ठेवायचं

"काका, तुम्ही खुर्चीत बसा. मी काढते," रेकॉर्डच्या बाई म्हणाल्या. पण काका तोवर तिसऱ्या आणि चौथ्या रॅकच्या मधल्या बोळात शिरलेसुद्धा होते.

"दिवा तरी लावू द्या."

"कशाला? मी काय पाहुणा आहे?"

सरकारी इस्पितळाच्या तळघरातल्या या खोलीत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. निवृत्तीला सहा वर्षं झाली, तरी वरच्या मजल्यावरच्या सफाईवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना अजून रेकॉर्डकाकाच म्हणत. बाई त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या. पहिल्या दिवशी काकांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. वाचायचं नाही, ठेवायचं. नाव बघायचं, नंबर बघायचा, तारीख बघायची आणि कागद जागेवर लावायचा. आत काय लिहिलंय ते डॉक्टर जाणे, रोगी जाणे आणि वरचा जाणे. दुसऱ्याचं आजारपण वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या खिडकीतून आत डोकावणं, असं ते म्हणत. हा नेम त्यांनी एखाद्या उपासासारखा पाळला होता. चौतीस वर्षांत एकदाही मोडला नाही.

काकांचा हात खालून दुसऱ्या खणावरून सरकत गेला, थांबला, आणि एक पातळ फाइल घेऊन बाहेर आला.

"ही बघ. नऊ वर्षांपूर्वी लावलेली. तुझ्या काकू म्हणत होत्या, मिळायची नाही आता. म्हटलं, मी लावलेली आणि मिळायची नाही?"

बाई हसल्या. "सकाळीच जुंपली वाटतं तुमची."

"जुंपली कसली! 'राहू द्या ना तो कागद, कशाला तेवढ्यासाठी जिने उतरता,' चारदा म्हणाली. बायकांना कागदाची किंमत नसते. तुझा अपवाद."

कागदाचं काम तसं साधं होतं. काकूंच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. पाच पायऱ्या चढल्या की दम, उशाला तीन उशा घेतल्या तरच झोप. खासगी इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, झडप बदलायला हवी आणि तीही दोन-तीन महिन्यांच्या आत. विमा कंपनीनं मंजुरीसाठी कागदांची यादी दिली होती. तिच्या अगदी शेवटी लिहिलं होतं, 'पूर्वीच्या उपचारांचे कागद, असल्यास.'

असल्यास! काकांना तो शब्दच लागला होता. नऊ वर्षांपूर्वी काकू तापानं तीन दिवस याच इस्पितळात होत्या. ताप उतरला, घरी आल्या. म्हणजे तेव्हा हृदयाचं काही नव्हतं हे त्या कागदावरून उघडच दिसेल, असा काकांचा हिशेब. साहेब लोक कागद मागतात. आपण दोन कागद जास्तच द्यावेत.

मूळ फाइल बाहेर न्यायची नाही, हा नियम काकांचाच. बाईंनी ती झेरॉक्सच्या यंत्राशी नेली. दोन पानं काढली, आणि तिसरं पान काचेवर ठेवता ठेवता त्यांचा हात थांबला.

"काका... हे तुम्ही बघितलंय का?"

"काय?"

"नाही, म्हणजे हे पान. द्यायच्या आधी एकदा..."

"वाचतेस काय?" काकांचा आवाज चढला नाही, पण खाली उतरला. तो जास्त लागायचा. "काय शिकवलं होतं मी?"

"अहो, पण काकूंचंच तर आहे. घरचं!"

"म्हणून तर. परक्याचं वाचलं नाही आणि बायकोचं वाचू? काढ झेरॉक्स."

बाईंनी पान पालथं घातलं. यंत्रातून उजेडाची पट्टी सरकत गेली. तीनही पानं त्यांनी पाकिटात घातली, पण पाकीट चटकन हातात दिलं नाही.

"काका, कधी कधी एखादा कागद सापडतही नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"माझ्या वेळी सापडायचा," काका म्हणाले, आणि पाकीट घेऊन जिना चढले.

विमा कंपनीच्या कचेरीत गार हवा होती आणि बसायला मऊ खुर्च्या. सरकारी योजनेच्या खिडकीपाशी साधं बाकसुद्धा नव्हतं. त्या खिडकीपुढच्या रांगांना कंटाळूनच तर चौदा महिन्यांपूर्वी काकांनी निवृत्तांच्या औषधपाण्याची सरकारी योजना सोडली होती. खरं म्हणजे कंटाळले होते जावईबापू. त्यांनी नुकतंच विमा विकायचं काम धरलेलं. "बाबा, घरच्याच माणसानं पॉलिसी घेतली नाही तर बाहेरचा कोण घेईल?" असं म्हणत ते फॉर्म घेऊनच आले. नाही म्हणावं तर लेकीचं तोंड एवढंसं व्हायचं. काकू तेवढ्या म्हणाल्या होत्या, "असू दे की आपली सरकारी. सवयीची आहे." काकांना वाटलं, हिचा नेहमीचा जुन्याचा सोस. फुटका डबासुद्धा टाकवत नाही हिला.

फॉर्म काकांनीच भरला होता, टपोऱ्या, एकसारख्या अक्षरात. सही करताना काकूंनी पेन दोनदा झटकलं होतं. शाई येत नाही म्हणाल्या.

"पेपर आणलेत? वा, इतक्या लवकर!" समोरच्या मॅडम कौतुकानं म्हणाल्या. त्या काकांच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. तिसऱ्यावर त्यांचं बोट ओळीखालून सावकाश फिरू लागलं. मग संगणकावर काकांचा जुना फॉर्म उघडून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"काका, हा सात नंबरचा प्रश्न आहे. याआधी हृदयाचा काही आजार. तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"नव्हताच. ताप होता. बघा ना, त्यात असेल."

"तापाचं आहे. पण खाली डॉक्टरांनी हेही लिहिलंय." त्यांनी हलक्या आवाजात वाचलं. "'हृदयाची झडप अरुंद. सध्या त्रास कमी. दर तीन महिन्यांनी तपासणी आवश्यक. रुग्णास कल्पना दिली.' आणि ही खाली सही. काकूंचीच ना?"

काकांनी सही बघितली. वेलांटी जरा तिरकी. भाजीच्या यादीवर, लेकीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, त्या फॉर्मवर, सगळीकडे हीच.

"मला... हे मला माहीत नव्हतं."

"मला पटतंय, काका. पण त्यांना माहीत होतं. आजार लपवला असाच अर्थ निघतो याचा. मंजुरी मिळायची नाही. पॉलिसीच राहील की नाही, तेही वरचे ठरवतील."

"मी हा कागद आणलाच नसता तर?"

मॅडमनी काकांसमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

रस्त्यावर येऊन काकांनी जावयाला फोन लावला. "बाबा, कागद द्यायच्या आधी मला विचारायचं ना!" पलीकडून आवाज चढला. "यादीत 'असल्यास' म्हटलं होतं. असल्यास म्हणजे नसलं तरी चालतं! इतकं खोदून काढायला कुणी सांगितलं तुम्हाला?" मग जरा वेळानं, "आईंनी तरी बोलायचं." मग फोन बंद.

काका तसेच सरकारी योजनेच्या खिडकीशी गेले. रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा पाय भरून आले होते. खिडकीतला कारकून ओळखीचा निघाला; एके काळी इस्पितळाच्या आवक-जावक टेबलावर होता.

"या रेकॉर्डकाका! आज आमची आठवण?"

"परत यायचंय. योजनेत."

कारकुनाचं हसू ओसरलं. त्यानं नंबर घेतला, संगणकात पाहिलं. "सोडून चौदा महिने झाले, काका. परत यायला एका वर्षाची मुदत. एक वर्ष आणि एक दिवस झाला तरी मी काही करू शकत नाही."

"ऑपरेशन आहे रे बायकोचं."

"काकूंचं?" त्यानं पेन खाली ठेवलं. "अर्ज लिहून द्या, वर पाठवतो. पण खोटी आशा दाखवत नाही. वरून काय उत्तर येतं ते तुम्हीच चौतीस वर्षं फाइलीत लावलंय."

"योजनेशिवाय? आपल्या इस्पितळात?"

"झडपेचं काम आपल्याकडं होत नाही. मोठ्या इस्पितळात मोफतची यादी असते. परवा एकाचा नंबर आला. दीड वर्षानं."

"मग झालं का त्याचं?"

कारकुनानं मागच्या माणसाकडं बघितलं. "पुढं या," तो म्हणाला.

घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शेजाऱ्यांनी काकूंसाठी एक खुर्ची ठेवली होती. काका पोचले तेव्हा काकू तिच्यातच बसल्या होत्या, पदरानं कपाळ टिपत.

"खाली कशाला उतरलीस?"

"वर करमेना. किती वेळ लावलात!" श्वास पुरा झाल्यावर त्यांनी विचारलं, "सापडला?"

"सापडला."

काकूंनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. कुठं सापडला, कुणी काढला, काही विचारलं नाही. काका समोरच्या पायरीवर बसले.

"सांगायचं होतंस."

"कधी सांगू? डॉक्टर बोलले तेव्हा तुम्ही खाली तळघरात. वर आलात ते हसतच. सगळ्या वॉर्डाला सांगत होता, आमच्या घरात कुणाला डोकं दुखायलाही फुरसत नाही. मग नाही बोलले. त्रास होत नव्हता. पुढं मागं पडलं."

"आणि फॉर्म भरताना?"

"जावईबापू समोर. तुमचं अक्षर असं लागलेलं सुरेख. सहा झालं, सात झालं, तुम्ही 'नाही' लिहून मोकळे." त्या थांबल्या, दम घेतला. "विचारलंत कुठं?"

वरच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं. जिन्यात काही क्षण तो आवाज राहिला.

"आता?" काकूंनी विचारलं.

काकांनी अर्जाचं सांगितलं. वर पाठवणार आहेत, म्हणाले. काकूंनी मान हलवली. चौतीस वर्षं नवऱ्यानं जेवताना जे ऐकवलं ते त्यांनी ऐकलं होतं. वर गेलेल्या अर्जांचं काय होतं ते त्यांनाही ठाऊक होतं.

"तुम्ही वाचलंत का ते?"

"नाही. त्यांनी वाचून दाखवलं. एवढंच."

"मग वाचा की. आता तरी."

काकांनी पाकिटातून पानं काढली, चष्मा लावला. आजवर हजारो कागद त्यांच्या हातांखालून गेले होते, पण वाचायला घेतलेला हा पहिला. ते पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचू लागले. वय. वजन. ताप किती. भूक कशी. रात्री झोप लागली नाही. पती भेटून गेले. दुसऱ्या दिवशी ताप कमी. पती भेटून गेले. काकू डोळे मिटून ऐकत होत्या, दुसऱ्याच कुणाचं ऐकावं तशा. तिसऱ्या पानावर झडपेची ओळ आली. तिच्याशी ते अडखळले, पण थांबले नाहीत, सहीपर्यंत वाचलं. त्याखाली पुढच्या तपासण्यांसाठी आखलेला तक्ता होता. तारीख, नाडी, शेरा. सगळे रकाने कोरे.

"संपलं?"

"संपलं."

त्यांनी खिशातला पेन्सिलीचा तुकडा काढला. बाईंनी घाईत पानांना आकडे घातले नव्हते. काकांनी गुडघ्यावर धरून प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात आकडा घातला. एक, दोन, तीन. मग पानं पाकिटात घातली आणि हात पुढं केला.

"चल. अकराच पायऱ्या आहेत."

"थांबा जरा," काकू म्हणाल्या.

काका थांबले.