न भरवलेला घास

"मामी, पिशवी इकडे द्या." नर्स लेसिएलीने हात पुढे केला. ती नात्याने कालोलाइनेच्या नवऱ्याची भाचीच.

"तीत माझं चटईचं विणकाम आहे गं."

"आणि त्याला नारळाच्या पावाचा वास येतो होय?"

कालोलाइनेने पिशवी दिली. मागच्या खेपेला तिनेच घोळ घातला होता. उपाशी नवऱ्याच्या कपाळावर घाम दिसला आणि डॉक्टरांची पाठ वळताच तिने त्याला केळं भरवलं. तपासणी तिथेच बोंबलली. उपाशी ठेवून रक्तातली साखर उतरू द्यायची आणि माणूस बरळू लागला की नेमकं तेव्हाच रक्त काढायचं. ते रक्त तपासायला विमानाने ऑकलंडला जाणार. स्वादुपिंडातली गाठ नको तितकं इन्सुलिन सोडते आहे, हे तिथे ठरलं तरच पुढे शस्त्रक्रिया.

दोन वर्षं तिचा नवरा पेनिसिमानी चर्चमध्ये गाणाऱ्यांपुढे उभ्या उभ्या भरकटायचा, ताल धरलेला हात हवेतच राहायचा. गाव म्हणे, सकाळीच ढोसून येतो. कालोलाइने मात्र पहिल्या बाकावरून उठून त्याच्या तोंडात पाव कोंबायची, आणि थोड्या वेळात तो पुन्हा सूर द्यायचा. नवऱ्याचा जीव आपल्या बोटांत आहे असं ती मानायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

आज उपासाचा तिसरा दिवस. भर दुपारी तो तिला "आई" म्हणाला.

"आई, भूक लागली गं."

ती लेसिएलीकडे वळली. "अगं पोरी, काढ ना रक्त!"

"साखरेचा आकडा अजून जरासा उतरायचाय, मामी. आता पुन्हा घोळ नको."

"देत नाहीस?" तो ओरडला. "कैदाशीण! घरात एवढं रताळं पडलंय!"

ती भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. खायला मागणाऱ्याला नाही म्हणायचं तिच्या बेटावर कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. तिला रडूही येईना. पाठीमागे तो शिव्या देत होता, मग नुसताच कण्हू लागला.

शेवटी रक्त निघालं. लगेच शिरेतून साखर गेली. काही मिनिटांत त्याचे डोळे निवळले. लेसिएलीने पिशवी परत दिली.

"आता भरवा पोटभर."

कालोलाइनेने पावाचा तुकडा त्याच्या ओठांपाशी नेला. त्याने तोंड उघडलं नाही.

"तू पाठ फिरवली होतीस," तो म्हणाला. त्याला तेवढंच आठवत होतं.

"हो."

त्याने तुकडा तिच्या बोटांतून काढून घेतला आणि आपल्या हाताने खाल्ला. तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला.