तुटक आवाज

खाणीचा लांबचा बोगदा बसला तेव्हा धाकटी वर नियंत्रण खोलीतच होती. आत तिचा दादा आणि त्याचे दोन सोबती अडकले होते.

बोगद्याच्या भिंतींवरचे रेडिओचे डबे तिनेच बसवून घेतले होते. एक डबा दुसऱ्याला निरोप देई, दुसरा तिसऱ्याला, असं करत आतला आवाज वर पोचे. बोगदा बसल्यावर मधले बरेच डबे गेले आणि उरलेली सगळी वर्दळ तोंडाजवळच्या एकाच डब्यावर आली. हेल्मेटमधले रेडिओ, वायुमापक, हवेचे पंखे, सगळेच एकदम बोलायला लागले. दादाचा आवाज त्यात चिरडून जात होता.

"पाणी... नाही," एवढंच कळलं.

"पाणी नाही म्हणतोय," मुकादमांनी सुस्कारा सोडला. "मग पंप राहू दे. आधी माती उपसा."

दादाची बायको दाराशी उभी होती. ती तिथेच खाली बसली.

धाकटीने डब्याच्या आतली स्थिती पडद्यावर आणली. चिपमध्ये चार कोअर, म्हणजे कामाला चार हात. पण येणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे निरोपाचा प्रत्येक तुकडा, एकाच कोअरच्या गळ्यात पडत होतं. तो मेटाकुटीला येऊन पॅकेटं टाकून देत होता आणि बाकीचे तिघे माशा मारत बसले होते. काम वाटून देणं भाग होतं; तेही असं, की एका माणसाचा आवाज एकाच कोअरकडे जाईल, नाहीतर शब्द मागेपुढे होतील. तसा बदल तिने कार्यशाळेतल्या टेबलावर चालवून पाहिला होता. खाणीत कधीच नाही.

"डबा बंद करून पुन्हा चालू करावा लागेल," ती म्हणाली.

"आणि नाही झाला चालू तर?" मुकादमांनी विचारलं.

"तर आहे तेवढाही आवाज जाईल."

मुकादमांनी वहिनीकडे पाहिलं.

"कर गं," वहिनी म्हणाली. "असं अर्धवट ऐकवत नाही."

डबा बंद झाला. मग पडद्यावर त्याचा दिवा लागला, चारही कोअर कामाला लागले, आणि शेजारच्या खोलीतून यावा तसा दादाचा आवाज स्वच्छ आला.

"ऐकताय का? पाणी थांबत नाही. छातीपर्यंत आलंय. पंप लावा."

मुकादमांचा चेहरा खर्रकन उतरला. माणसं पंपाकडे धावली, पण मातीतून नळ्या आत सरकवायलाच किती वेळ जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. दादालाही कळलं असावं. त्याने बायकोला बोलवा म्हणून सांगितलं.

धाकटीने हेडफोन वहिनीच्या हाती दिला आणि पडद्याकडे तोंड फिरवलं. आता तिला वहिनीचंच तेवढं ऐकू येत होतं. "हो, जेवलं पिल्लू." "नाही रे, रडत नाहीये मी." "कपाटातच आहे, जाणार कुठे." एकदा तर वहिनी हसलीसुद्धा. मग ती "हं?" म्हणाली. पुन्हा "हं?" म्हणाली. हेडफोन कानावर दाबून धरत तिने धाकटीकडे पाहिलं.

"तुटलं बघ परत. नीट कर ना."

धाकटी कामाला लागली. एकेक कोअर तपासला, पॅकेटांच्या रांगा तपासल्या. एकही पॅकेट गळलेलं नव्हतं. बाकीचे निरोप चोख येत होते. दादाच्या हेल्मेटकडून काही निघतच नव्हतं. आपल्या कामात कुठेतरी चूक सापडावी म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली.

"करतेय वहिनी," ती म्हणाली.