झाकलेला दम

गुंडू वस्तादांच्या तालमीत एक नियम होता. कितीही बैठका मारा, तोंड उघडून धापा टाकायच्या नाहीत. आपला दम सुटलेला समोरच्याला दिसला की कुस्ती तिथंच गेली, असं वस्तादांचं म्हणणं. आणि हा नियम पाळावा तर केरबानं. कुस्तीच्या हौदातल्या तांबड्या मातीत तासभर झुंजून आला तरी गडी ओठ मिटून असा उभा, की नुकताच देवळातून आलाय म्हणावं. पेठेतले लोक पोरांना त्याचंच उदाहरण द्यायचे.

खरं काय ते केरबालाच ठाऊक. वर्षभर त्याची छाती भरून यायची. आडवं पडलं की खोकला उठायचा, म्हणून भिंतीला टेकून झोपायचा. पण चौऱ्याहत्तरच्या चैत्रात त्याची मोठी कुस्ती ठरली होती, जन्मभर वाट पाहिलेली. सांगणार कुणाला?

अशात राजारामपुरीतल्या डॉक्टर नंदिनीताईंनी पैलवानांना बोलावणं धाडलं. अंगमेहनत करताना शरीर किती प्राणवायू घेतं, हे त्यांना मोजायचं होतं. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि सोडलेला सगळा श्वास एका मोठ्या रबरी पिशवीत.

"पिशवी फुटंल बघा, ताई," केरबानं फुशारकी मारली.

लाकडी पायरीवर चढउतार सुरू झाली. ताई वेग वाढवायच्या, मधूनमधून पिशवीतली हवा तपासायच्या. बाकीच्यांचं सरळ होतं. जोर वाढेल तसा प्राणवायू जास्त लागायचा, आणि थांबल्यावरही थोडा वेळ शरीर जादा ओढत राहायचं. केरबाचा आकडा मात्र अर्ध्या वाटेतच अडला. वेग वाढला, आकडा जागचा हलेना. ओठ निळे पडले. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आता झाकणार कुठं?

ताईंनी त्याच्या छातीचे ठोके बराच वेळ ऐकले.

"लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?"

"आलता की."

"त्या तापानं हृदयाची एक झडप अरुंद करून ठेवलीय. तुमचं फुप्फुस चांगलं आहे, मांड्या चांगल्या आहेत. पण रक्तच पुढं जात नाही, तर प्राणवायू पोचणार कसा? यावर ऑपरेशन आहे. पण त्याआधी कुस्ती खेळलात, तर मातीतून उठणार नाही."

केरबानं हात जोडले. "वस्तादांस्नी सांगू नगासा."

ताईंनी ऐकलं असतं तर ही गोष्टच उरली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तालमीच्या दारात हजर! बाईमाणसानं तालमीत पाऊल टाकायचं नाही, हा रिवाज. तो त्यांनी पाळला. उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि वस्तादांना बाहेर बोलावून सगळं सांगितलं.

वस्ताद आत आले. आता कानाखाली बसणार म्हणून केरबानं मान खाली घातली. म्हाताऱ्यानं त्याच्या छातीवर तळहात ठेवला.

"किती दिस झाकलंस?"

"वरीस झालं."

"मैदान ऱ्हाऊ दे. भरवणाऱ्यास्नी काय सांगायचं ते मी सांगतो. तू हितं तोंड उघड. टाक दम."

केरबानं तोंड उघडलं. वर्षभर दाबलेली धाप बाहेर आली, तिच्यामागून रडू. सारी तालीम ऐकत होती. कुणी हसलं नाही.

ऑपरेशन पुण्याला झालं, नीट झालं. केरबा शाहूपुरीत गुळाच्या अडत-दुकानात कामाला लागला, लाल मातीत पुन्हा उतरला नाही. त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण सपाट अंथरुणावर पोटभर झोपून सकाळी जाग आली की त्याला आधी ती रबरी पिशवी आठवायची, मग उंबऱ्याबाहेर उभ्या राहिलेल्या ताई, आणि उपकाराच्या जाणिवेनं त्याचा ऊर भरून यायचा.

पुढल्या वर्षी तो वस्तादांना घेऊन पायवाटेनं जोतिबाला निघाला. झोळीत दोन नारळ, एक स्वतःच्या नवसाचा, एक ताईंच्या नावाचा. निम्मा डोंगर चढून त्यानं मागं पाहिलं, तर वस्ताद खाली थांबलेले. चेहरा लालबुंद आणि ओठ घट्ट मिटलेले.

केरबा परत उतरला आणि त्यानं त्यांना हात देऊन दगडावर बसवलं.

"वस्ताद, हितं कुणासंगं कुस्ती हाय? उघडा की तोंड."

म्हाताऱ्यानं आधी डोळे वटारले. मग तोंड उघडून मोठ्यानं धापा टाकायला लागला. केरबाही शेजारी बसून, काही गरज नसताना, त्यांच्याबरोबर धापा टाकू लागला. येणारेजाणारे थांबून बघत होते. दोघांनीही तोंड मिटलं नाही.