स्वतःचं मत

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून गंगव्वा आली ती पाय ओढतच. बालवाडीतल्या धाकट्याला रंग ओळखायला शिकायचं होतं, म्हणून तिनं त्याला आपल्या साडीवरचे रंग दाखवले. तिसरीतल्या मधलीकडून पीठ मळता मळता पाढे म्हणवून घेतले. जेवणं झाल्यावर तिनं भिंतीला पाठ टेकली, तेवढ्यात सातवीतली शिवलीला म्हणाली, "अव्वा, मुलींनी किती शिकावं, यावर स्वतःचं मत लिहायचंय."

"पुस्तकात बघ की."

"पुस्तकात नाही. आपणच विचार करायचा."

गंगव्वाची शाळा चौथीतच सुटली होती. तोवर तिला कुणी मत विचारलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

"तुझं काय मत आहे, अव्वा?" शिवलीलानं विचारलं.

गंगव्वाचे डोळे मिटत होते. तरी ती सावरून बसली.

"स्वल्प थांब," ती म्हणाली, "विचार करून सांगते."