मला पुसू नका

मी खिडकीतल्या कुंडीतून बोलतेय. जवळ या, पण बोट लावू नका. चिकटेल, मग तुम्ही 'शी' म्हणाल, आणि त्या एका अक्षराचा मला या घरात पुरता वीट आलाय.

मी बटरवर्ट. मूळची मेक्सिकोकडची, लोणी चोपडल्यासारख्या पानांची, किडे खाणारी. लोक मला कौतुकाने बघायला येतात आणि नाक मुरडून जातात. मी काय हौसेने खाते? मला स्वतःला चिलटांची किळस येते. तोंड नाही, दात नाहीत, जे खायचं ते उघड्या कातडीवर. चिलट येऊन चिकटतं, पाय झाडतं, मरतं, हळूहळू विरघळतं. जेवण संपलं तरी पंख आणि तंगड्या अंगावर तशाच. खरकटं वागवत बसायचं आणि वर फूल काढायचं, तेही जांभळं! पण आमच्या कुंडीत वाळू आणि बारीक खडी, सत्त्व म्हणून काही नाही. पोट भरायचं तर दुसरा मार्ग नाही.

मला वाढवलं ताईने. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. एका थंडीत तिने माझ्या आईचं एक पान हलकेच डावीउजवीकडे हलवून बुडापासून सुटं केलं, पार्सलच्या डब्यात ओल्या वाळूवर ठेवलं आणि झाकण लावलं. महिन्याभराने त्या पानाच्या बुडाशी मी फुटले. असं करत करत एकतीस कुंड्या झाल्या. नळाचं पाणी आम्हाला सोसत नाही, म्हणून ताई डिस्टिल्ड पाण्याचे कॅन दोन जिने चढवून आणायची. स्वतः मात्र नळाचंच प्यायची.

घरात दुसरा माणूस एकच, तिचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा याला तिनेच लहानाचा मोठा केला. तो बिस्किटांच्या कारखान्यात स्वच्छता तपासतो. कारखान्यात एक माशी दिसली तर हा पठ्ठ्या सगळी यंत्रं थांबवतो आणि ती कुठून आली याचा माग काढल्याशिवाय चालू करू देत नाही. म्हणून ताई त्याला 'साहेब' म्हणते. साहेब दिवसातून वीस वेळा हात धुतात आणि चहा पिताना आमच्याकडे पाठ करून बसतात.

"ताई, हे स्वयंपाकघर आहे, मसणवटा नाही. शी!"

"अरे, तुमच्या कारखान्यात माश्या मारायला यंत्र आहे ना? माझ्या यंत्रांना वीज लागत नाही, एवढाच फरक."

मग ताईच्या पोटाचं ऑपरेशन निघालं. दवाखान्यात जाताना तिने फ्रिजवर कागद चिकटवला: ट्रेमध्ये बोटभर पाणी, डिस्टिल्डच. बाकी काही करू नकोस. शेवटच्या वाक्याखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या. भावाला ओळखून होती ती.

साहेबांनी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी हातमोजे चढवले, कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवला आणि आम्हाला पुसायला घेतलं. एकेक पान, वरून, खालून. मी खोटं कशाला बोलू, माणूस मन लावून पुसत होता. चिलटं निघाली, चिकटपणा निघाला, त्याबरोबर आमचं तोंड, दात, पोट सगळंच निघालं. आठवड्यात पानं तपकिरी पडली. त्याला वाटलं रोग आहे, त्याने आणखी पुसलं आणि वरून नळाचं पाणी ओतलं. सगळीकडे कुजका वास सुटला. मेलेल्या कुंड्या त्याने दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकल्या.

ताईचा फोन यायचा. "कशी आहेत रे पोरं?"

"चकाचक आहेत," साहेब म्हणायचे.

एकतिसांतल्या सहा उरल्या. मी वाचले ती माझ्या जातीच्या गुणाने. थंडीची चाहूल लागली की आम्ही मोठी पानं टाकून देतो आणि जाडसर, कोरडी, इवली पानं धरून बसतो. तेव्हा आम्ही खात नाही, पाणीही फारसं लागत नाही. माझ्या जातीला थंडी सगळ्यांत आधी लागते. माझ्यावर पुसण्यासारखं काही नाही हे बघून साहेब खूश झाले. "ही एक शहाणी," म्हणाले आणि मला कोरड्या बशीत घालून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. इतकं किळसवाणं कौतुक माझं कोणी केलं नव्हतं.

ताई घरी आली, भिंतीला धरत खिडकीपर्यंत गेली. फिनाइलच्या वासात पाच कुंड्या उभ्या होत्या.

"पुसलंस?"

"घाण होती गं."

"घाण नव्हती. जेवण होतं त्यांचं."

मग ताई टेबलावरून मला उचलून आपल्या खोलीत घेऊन गेली.

त्या खोलीत मी जे पाहिलं ते तेव्हाच साहेबांना सांगायला जीभ असती तर बरं झालं असतं. ताईच्या पोटावरची जखम एका कोपऱ्यात ओलीच होती, रोज पट्टी बदलायची होती. पहिल्या दिवशी साहेब तोंडाला मास्क लावून आले. पट्टी सुटली, पिवळं काही दिसलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "शी!" मग ते धावत बेसिनकडे गेले. ताई छताकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, "तू नको त्रास करून घेऊस. तू कामावर गेलास की नर्सबाई येऊन करून जातात."

कुठल्या नर्सबाई नि कुठलं काय! ताई हातआरसा धरून एकटीच करायची. खालची बाजू तिला दिसायची नाही, हात पोचायचा नाही. भिजलेला कापूस वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखालच्या डब्यात दडवायची. चार दिवसांत वास बदलला. कुजण्याचा वास मला कळतो हो, कुंड्यांत तोच होता. आणि माझी पानं तेव्हा कोरडी. खोलीत चिलटं जमली, तर मला एकही धरता येईना.

एवढ्यात ताईला ताप भरला. "थकवा आहे," म्हणाली. साहेब पेज घेऊन आले आणि त्यांच्या नाकासमोरून एक चिलट गेलं. त्यांचा हात थांबला. कारखान्यातली सवय! वाटी ठेवली आणि चिलटामागे निघाले. पडदा, मी, उशी, आणि मग पलंगाखाली. वाकून त्यांनी डबा ओढला, कागद उलगडला.

"नर्सबाई किती वाजता येतात?"

ताईने पांघरूण पोटावर ओढून घेतलं.

"ताई, कोण करतं हे?"

"मीच." तिने तोंड फिरवलं. "तुझी ती 'शी' परत ऐकण्यापेक्षा हे सोपं वाटलं रे."

साहेब तिथेच जमिनीवर बसले. "माझं सगळं तूच काढलंस की गं लहानपणी," एवढंच कसंबसं म्हणाले. मग उठले, हात धुतले, दिवा जवळ ओढला आणि पट्टी सोडली. दोनदा त्यांना ओकारी आली, दोन्ही वेळा त्यांनी ओठ आवळून गिळली. तोंडातून अक्षर काढलं नाही. तासाभरात ताईला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होतं.

आता जखम भरत आलीय. पट्टी साहेबच करतात, तोंड वेडंवाकडं करून, पण करतात. मागच्या महिन्यात ताईने पलंगावरूनच सांगितलं आणि त्यांनी उघड्या बोटांनी माझी पाच पानं सुटी केली. पार्सलच्या डब्यात त्यातल्या दोघांना कोंब दिसतोय.

मी पुन्हा खिडकीत आहे. नवी पानं आलीत, चांगली चिकट. आज सकाळी पहिलं चिलट बसलं. साहेब चहा पीत होते. त्यांचा हात कापसाकडे गेला, तिथेच थांबला, आणि त्यांनी माझ्याकडे तोंड करून चहा संपवला.

चिलट अजून पाय झाडतंय. मला त्याची किळस येतेय, आणि ते खाऊनच मी जगणार आहे. तुम्हालाही येईल किळस, येऊ द्या. नाक दाबा, डोळे मिटा, बेसिनवर जाऊन या. फक्त ते एक अक्षर ऐकू जाऊ देऊ नका. ऐकणारा आपली जखम कागदात गुंडाळून पलंगाखाली सरकवतो.

आणि मला तेवढं पुसू नका.